पटाची धाव आणि बातमीची वेसण

क्रीडावृत्त हेही वाङ्मयच, असे म्हटले की आपले समीक्षक अजून भुवया उंचावतात. पण ज्यांनी बाळ ज. पंडितांचे मराठी धावते समालोचन आकाशवाणीवर ऐकले, किंवा १९६२ साली निघालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मधील वि. वि. करमरकरांचे क्रीडापान वाचले, त्यांना हे पटवावे लागणार नाही. मैदान न पाहिलेल्याला ते दाखवावे आणि पाहिलेल्याला पुन्हा विचार करावयास लावावे, हे त्या लेखणीचे काम.

हीच कसोटी झाडीपट्टीतल्या शंकरपटाला लावून पाहू. चंद्रपूर-गडचिरोलीकडे दिवसा पट आणि रात्री नाटक, ही सांगड जुनी. पटाची छापील बातमी मात्र ठरावीक साच्याची: उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, मंचावर कोण. जोडी हाकणाऱ्याचे नाव शेवटच्या ओळीत आले तर आले. बैलाचे कोण लिहितो! मग मोबाइल आला. आता पुण्याला नोकरीस असलेला मुलगा गावची जोडी यूट्यूबवर धावताना पाहतो. बैलाला नाव मिळाले, हाकणाऱ्याला चेहरा मिळाला. छापील पानाने जे दिले नाही ते पोराटोरांच्या कॅमेऱ्याने दिले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण एवढ्याने भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. बैलाला मारहाण नको, विजेचा धक्का नको, अशा त्या अटी. त्या पाळल्या की नाही, हे कोणी पाहावयाचे? अर्ध्या मिनिटाची चित्रफीत विजयाची आरोळी ऐकवते. शेपटी पिरगाळणारा हात चौकटीबाहेर राहून जातो. जुन्या वार्ताहराला पुढाऱ्याची मर्जी राखावी लागे, नव्याला ‘लाइक’ देणाऱ्या गर्दीची राखावी लागते. धनी बदलला, दावे तेच!

म्हणून वर्तमानपत्राने वेगाशी शर्यत लावू नये. निकाल वाचकाला आधीच कळलेला असतो. जोडी कशी तयार झाली, तिच्यावर खर्च किती झाला, नियम पाळले का, हे त्याने विचारावे. परवानगी अटींवर टिकली आहे. त्यांवर नजर ठेवणारा कोणी उरला नाही, तर पट पुन्हा बंद पडावयाचा, आणि रात्रीच्या नाटकाचा मांडवही सुना व्हावयाचा. ज्याचे शंकरपटावर खरे प्रेम असेल, त्यानेच त्याची परखड बातमी लिहावी.