तोंड काळं करण्याची परंपरा

आपल्याकडं तोंड दुसऱ्याचं काळं करतात आणि गाढवावर बसवून धिंड काढतात. इंग्लंडात गोरी माणसं स्वतःचंच तोंड काळं करून नाचतात, आणि ती म्हणे लोककला. दोस्तांनो, हसू नका. प्रकरण वाटतं तितकं सोपं नाही.

नाताळाच्या सुमारास खेड्यातले गडी सोंगं घेऊन दारोदार फिरायचे. सेंट जॉर्ज तुर्की सरदाराशी लढणार, एकजण मरणार, डॉक्टर येऊन त्याला उठवणार. मग टोपी फिरवायची. आपल्या बहुरूप्यासारखंच पोटासाठी. वेल्सच्या सीमेवरचे मॉरिस नाचेही तसेच, तोंडाला काजळी.

समर्थक म्हणतात, काजळी म्हणजे काळा माणूस नव्हे. हिवाळ्यात हाताला काम नाही, मागायला निघालेल्या मजुराला मालकानं ओळखू नये म्हणून ती. मला हे झटकून टाकता येत नाही. तोंड काळं करून, हत्यार घेऊन रानात हरणं मारणाऱ्याला फाशी, असा 'ब्लॅक ॲक्ट' १७२३ साली झालाच होता. ई. पी. थॉम्पसननं १९७५ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. गरिबाची काजळी जमीनदाराला सलत होती, हे कबूल.

पण पुढं? १८३६ साली टी. डी. राइस हा गोरा अमेरिकन नट तोंड रंगवून, 'जिम क्रो' बनून लंडनच्या रंगभूमीवर नाचला. काळ्या गुलामाची टिंगल, तिकीट लावून. मिन्स्ट्रेलांची ही साथ गावोगाव गेली. बीबीसीनं तसला कार्यक्रम १९५८ ते १९७८ घराघरात दाखवला. कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोत नाताळानंतरच्या सोंगांत मिन्स्ट्रेलांचीच गाणी शिरली, त्या दिवसाचं नावच 'डार्की डे' पडलं. नाव बदललं फार उशिरा. मग काजळी नुसती मजुराची राहिली कुठं?

२०२० साली जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला. त्याच जुलैत मॉरिसच्या तिन्ही संघटनांनी ठरवलं, पूर्ण तोंड काळं करणं बंद. लँकेशायरमधल्या बेकपचे 'कोकोनट डान्सर्स' ऐकेनात. संघटनेतूनच बाहेर पडले. बेकप म्हणजे गिरण्यांचं, खाणींचं गाव. सरदार-बिरदार नव्हेत, कष्टकऱ्यांची पोरं. म्हणून तर मला जास्त लागतं. त्या मुलखातल्या गिरण्यांत अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी वेचलेला कापूस वर्षानुवर्षं कातला गेला. आणि आमच्या मुंबईत? धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होतो, म्हणून अस्पृश्याला विणाई खात्यात घेत नव्हते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे बोलून दाखवलं. साचावाला गरीबच होता की! गरीब आहे म्हणून त्याचे हात स्वच्छ, हे कुणी सांगितलं?

'आमच्या मनात द्वेष नाही,' म्हणतात. नसेलही. पण बघ्यांच्या गर्दीत एखादं काळं पोर उभं असेल, त्याला विचारलंत का? इतकी वर्षं त्याला सोडून सगळ्यांना विचारलं.

आता बरेच संघ निळा नाहीतर हिरवा रंग फासतात. ओळख लपायची तेवढी लपते. काठ्या वाजतात, घुंगरं वाजतात, टोपीही फिरते.