गेटवर गेलेला दीड तास पेपरमध्ये कुठे असतो?

साखर कारखान्यांच्या सांडपाण्यावरचे पेपर वाचताना एक गोष्ट सतत खटकते. नमुने कसे घेतले या भागात ‘सकाळी 10 वाजता नमुना घेतला’ एवढंच वाक्य. हे 10 ठरवलेले की गेटवरून सोडल्यानंतरचे, ते कुणीच लिहीत नाही.

बारामती-इंदापूर पट्ट्यात गाळप हंगामात फिरलेल्या माणसाला हा फरक चांगला माहीत असतो. परवानगी मेलवर आलेली असते, पण गार्डकडे तिची प्रत नसते. सही करणारे साहेब पुण्याला मीटिंगला. मग बॅग उघडली जाते आणि निघते सल्फ्युरिक आम्लाची बाटली. (सीओडीचा नमुना टिकवायला पीएच 2 च्या खाली न्यावा लागतो, त्यासाठी.) गार्ड ती अडवतो यात त्याचं काही चूक नाही. तो कंत्राटावर, बाटली आत फुटली तर नोकरी त्याचीच जाणार. चूक आहे ती परवानगी देऊन गेटला न कळवणाऱ्या ऑफिसची.

आता यात विज्ञान कुठे आलं? कारखान्याचं सांडपाणी दिवसभर एकसारखं नसतं. पाळी बदलताना फरशा धुतल्या की वेगळं, बाष्पीभवनाची भांडी कॉस्टिकने साफ केली की आणखी वेगळं. पाळी बदलायची वेळ पकडायला गेलात आणि दीड तासाने आत शिरलात, तर तुम्ही दुसरंच पाणी मोजताय. शिवाय त्या दीड तासात तुम्ही आल्याची बातमी आत पोचलेली असते. कुणी मुद्दाम काही करतं असं मी म्हणत नाही, पण ती शक्यता नाकारायला पेपरमध्ये काही आधारही नसतो.

बाहेर पडतानाचा उशीर वेगळा त्रास देतो. भरलेल्या बाटल्यांना आउटवर्ड गेटपास लागतो. विरघळलेल्या ऑक्सिजनचा नमुना तिथल्या तिथे मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालून स्थिर करता येतो. बीओडीचं तसं नाही. तो बर्फात ठेवून शक्यतो 6 तासांत लावायचा. (आपल्याकडे 27 अंशाला 3 दिवस, जुन्या पुस्तकांतले 20 अंशाला 5 दिवस नव्हे.) गेटपासच्या सहीला तास गेला, तर तो त्या 6 मधूनच गेला.

1974 च्या जल प्रदूषण कायद्यातल्या कलम 23 ने मंडळाने नेमलेल्या माणसाला प्रवेशाचा हक्क दिलाय. पीएचडीच्या पोराला असा हक्क नाही, तो पाहुणा. म्हणजे दोघांचे आकडे दोन वेगळ्या परिस्थितींतले. तरीही पेपरांत ते एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी बसवतात आणि फरक ‘हंगामी चढउतार’ म्हणून मोकळे होतात. समीक्षकही विचारत नाहीत. इथलं पाणी शेवटी नीरेत नाहीतर भीमेत जातं, खालच्या गावांच्या तक्रारी याच आकड्यांवर तोलल्या जातात.

माझं म्हणणं साधं आहे: तक्त्यात चार रकाने वाढवा. गेटवर पोचल्याची वेळ, आत सोडल्याची, नमुना घेतल्याची, बाहेर पडल्याची. आणि परवानगीच्या अर्जातच आम्लाचं नाव, प्रमाण लिहून एक प्रत सुरक्षा विभागाला पाठवा.