छापील निवाडपत्रांतील ‘म्हणोन’

संभाजी महाराजांचा वध १६८९ मध्ये झाला. त्यांच्या अंत्यसंस्काराचे श्रेय कोणाचे, या प्रश्नातून डिसेंबर २०१७ मध्ये वढू बुद्रुक येथे गोविंद गोपाळ यांच्या समाधीविषयीच्या फलकावरून वाद उद्भवला. अशा वादांत जुन्या कागदांची साक्ष काढली जाते. ती वाचावी कशी, हा प्रश्न म्हणूनच अगत्याचा होय.

गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड मराठी राज्यकारभाराच्या अभ्यासकांस मोठा आधार झाले आहेत. तथापि अशा छापील संग्रहांत मोडीचे बालबोध रूपांतर असते. मोडीत शब्द तोडण्याची वा विरामचिन्हांची वहिवाट नव्हती. छापील पूर्णविराम व परिच्छेद संपादकाचे असतात. निवाडपत्रात तर अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तकरिरा, साक्षी आणि सभेचा निर्णय सलग येतात. कथन कोठे संपले, हे बहुधा ‘म्हणोन’ हे अव्ययच दाखविते. ‘वतन आपले म्हणोन विदित केले’ अशा वाक्याने दावा केल्याचे सिद्ध होते, वतन नव्हे. ही खूण दुर्लक्षिली की पक्षकाराचे म्हणणे सभेचा निर्णय म्हणून उद्धृत होते आणि अस्सल कागदावरून चुकीचा निष्कर्ष निघतो. यास्तव नव्या आवृत्त्यांत मूळ मोडी पानाचे छायाचित्र लिप्यंतरासमोर छापणे आवश्यक आहे.