छायाचित्र, खिळा आणि स्मृती : विवान सुंदरम यांच्या दोन कलाकृतींचा तौलनिक विचार

छायाचित्र हे स्मृती जपण्याचे साधन आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ग्रामीण घरातील भिंतीवर लावलेली दिवंगताची तसबीर, तिला घातलेला हार आणि काचेवर लावलेले गंध पाहिले म्हणजे हा समज किती खोलवर रुजला आहे, हे ध्यानात येते. तथापि तसबिरीतील माणूस घरच्यांना आधीपासूनच ठाऊक असतो. त्याच्या बोलण्याच्या लकबी, त्याचा राग, त्याने लावलेले झाड यांविषयी सांगणारे कोणी ना कोणी घरात असते आणि छायाचित्र त्या सांगण्याला केवळ आधार देते. ज्याच्याविषयी सांगणारे कोणीच समोर नाही, अशा माणसाचे छायाचित्र नेमकी कशाची स्मृती जपते, हा प्रश्न म्हणूनच निराळा ठरतो. विवान सुंदरम (१९४३-२०२३) यांच्या ‘मेमोरियल’ (१९९३) या मांडणशिल्पाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्या कलाकृतीचा विचार त्यांच्याच ‘री-टेक ऑफ अमृता’ (२००१-०२) या छायाचित्रमालिकेच्या संदर्भात केला आहे.

प्रायोगिक छायाचित्रण म्हणजे धूसर किंवा चमत्कृतिपूर्ण छायाचित्रण नव्हे. छायाचित्र ही पूर्ण झालेली वस्तू न मानता पुढील कामाचा कच्चा माल मानणे, हे त्याचे एक प्रमुख लक्षण होय. मुंबईत अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या कार्यशाळेत नलिनी मलानी यांनी कॅमेऱ्याविना, प्रकाशसंवेदी कागदावर थेट ठसे उमटवून प्रतिमा घडविल्या होत्या. सुंदरम हे मूळचे चित्रकार. बडोदा आणि लंडन येथे त्यांचे शिक्षण झाले. १९९० नंतर ते मांडणशिल्पाकडे वळले ते चित्रचौकट अपुरी वाटू लागल्यामुळे, असे त्यांची त्या काळातील निर्मिती पाहता म्हणता येते.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे छायाचित्रकार होशी जाल यांनी टिपलेले, रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचे छायाचित्र त्या वेळी वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. वृत्तपत्रातील छायाचित्राचे आयुष्य एका दिवसाचे असते. दुसऱ्या दिवशी त्याच कागदात भजी बांधली जातात. सुंदरम यांनी हेच एक छायाचित्र पुन्हा पुन्हा हाताळले. त्यात खिळे ठोकले, ते झाकले, काचेखाली ठेवले आणि त्याभोवती दफनभूमीची आठवण करून देणारी रचना उभी केली. पत्र्याच्या ट्रंका रचून केलेले प्रवेशद्वार हा या रचनेचा एक भाग आहे. पुढे २०१४ मध्ये त्यांनी या कलाकृतीची पुनर्मांडणी केली. आज ती लंडनच्या टेट संग्रहात आहे.

येथे खिळ्याचा अर्थ काळजीपूर्वक पाहावा लागतो. खिळा जखम करतो, त्याचप्रमाणे तो वस्तू जागेवर पक्की करतो. तसबीरही भिंतीवर टिकते ती खिळ्यामुळेच! फरक इतकाच, की घरात खिळा तसबिरीमागे असतो, येथे तो प्रतिमेतूनच आरपार जातो. या माणसासाठी कोणी हार घातलेला नाही. त्याच्यासाठी करता येण्याजोगे काम म्हणून कलावंत एकेक खिळा ठोकतो. त्यातील वेळ आणि श्रम हीच त्या अनोळखी माणसाला वाहिलेली स्मृती ठरते. ट्रंकांचे प्रवेशद्वार तर माण-खटावच्या वाचकाला विशेष जवळचे वाटावे. दुष्काळाने गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत किंवा माथाडी कामाला गेलेल्या पिढ्यांचा सारा संसार अशाच एका ट्रंकेत मावत असे.

‘री-टेक ऑफ अमृता’मधील परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. चित्रकार अमृता शेर-गिल (१९१३-१९४१) या सुंदरम यांच्या मावशी. अमृताचे वडील उमरावसिंग शेर-गिल (१८७०-१९५४) यांनी अनेक दशके स्वतःची आणि कुटुंबीयांची छायाचित्रे काढली. सुंदरम यांनी संगणकाच्या साहाय्याने ती एकमेकांत मिसळली. त्यामुळे वेगवेगळ्या काळांतील माणसे एकाच खोलीत येतात. वडील, मुलगी आणि तिने रंगविलेली चित्रे परस्परांकडे पाहू लागतात. ही मालिका देखणी आहे आणि कुटुंबातील आकर्षण, अभिमान व ताण ती सूचकपणे व्यक्त करते. परंतु येथे प्रयोग पुष्कळदा क्रीडेच्या जवळ जातो, कारण स्मृतीची सामग्री मुळातच विपुल आहे. पत्रे आहेत, चित्रे आहेत, चरित्र आहे. जोड इतका सफाईदार आहे की तो दिसतच नाही. ‘मेमोरियल’मध्ये मात्र प्रत्येक खिळा दिसतो. एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची छायाचित्रे, तर दुसऱ्या माणसाचे आपल्यापर्यंत पोहोचलेले एकमेव छायाचित्र तेही मरणानंतरचे, ही विषमता या दोन कलाकृती शेजारी ठेवल्यावरच जाणवते. दुसऱ्या ठिकाणी प्रयोग अपरिहार्य होतो, म्हणूनच तो अधिक खरा वाटतो.

रोलाँ बार्थ यांनी छायाचित्रावरील आपल्या १९८० च्या ग्रंथात आईच्या बालपणीच्या छायाचित्राविषयी विस्ताराने लिहिले, परंतु ते छायाचित्र वाचकांना दाखविले नाही. त्यांच्याजवळ आठवण होती, त्यामुळे चित्र राखून ठेवणे त्यांना शक्य झाले. सुंदरम यांच्याजवळ या माणसाविषयी चित्राखेरीज काहीही नव्हते.

वडूज परिसरात याची दुसरी बाजू पाहावयास मिळते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. त्यांचे स्मरण नावांनी केले जाते आणि नाव घेताच त्यामागचे गाव, घर आणि भावकी उभी राहते. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये सादर केलेल्या अहवालात मृतांची संख्या ९०० नोंदविली असून त्यांपैकी ४५ जण ‘अज्ञात’ या सदरात आहेत. ‘मेमोरियल’ने त्या माणसाला नाव देण्याचा प्रयत्न केलेला नाही. कल्पित नाव दिले असते तर ती आणखी एक लूट ठरली असती.

या कलाकृतीविषयी एक आक्षेप मात्र शिल्लक राहतो. काही भागांत काच, धातू आणि भूमितीय रचना यांचे सौष्ठव इतके वाढते की दफनभूमीपेक्षा कलादालनच अधिक जाणवते. त्या मृत माणसाची संमती घेण्याचा मार्ग कोणालाच नव्हता. अशा वेळी सौष्ठवाविषयी अधिक संकोच हवा होता. ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकास ही कलाकृती बहुधा छापील पानावरच पाहावी लागते, ही आणखी एक अडचण. छायाचित्राचे पुन्हा छायाचित्र होते आणि खिळे कागदावर काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. वर्गात ती शिकविताना एखादे जुने वर्तमानपत्र आणि मूठभर चुका सोबत नेल्यास विद्यार्थ्यांना अधिक उमगेल.