ज्ञानकोशातील जस्त

कादंबरी प्रसिद्ध झाली की तिचे परीक्षण होते. काव्यसंग्रहावर तर दोन पक्ष पडून सहा-सहा महिने वाद चालतो. ज्ञानकोशाचे मात्र तसे होत नाही. त्याचे स्वागत होते, संपादकांच्या चिकाटीची मनापासून प्रशंसा होते, आणि मग तो ग्रंथालयाच्या कपाटात स्थिर होतो. त्यातील एखादी नोंद ही एक स्वतंत्र वाङ्मयीन रचना आहे, तिला आरंभ, मध्य आणि शेवट आहे, लेखकाची काही निवड आहे आणि काही वगळणूकही आहे, अशा दृष्टीने तिच्याकडे पाहिले गेल्याचे क्वचितच आढळते. वास्तविक येथेच टीकेची गरज अधिक आहे. कादंबरी वाचताना वाचक सावध असतो. ज्ञानकोश उघडताना तो निर्धास्त असतो. तेथे लिहिलेले त्याला कुणाचे मत वाटत नाही, ते वस्तुस्थितीच वाटते.

परीक्षणासाठी आम्ही मुद्दामच एका धातूवरील नोंद घेतली आहे. राजावरील किंवा धर्मावरील लेखात लेखकाचा कल कोठे तरी डोकावणार हे सर्वांना ठाऊक असते. धातूच्या बाबतीत पक्षपात तो काय व्हायचा, असे आपण समजतो. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यास जस्तासारखा दुसरा धातू नाही. आणि कोश घ्यावयाचा तर ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ची ह्यू चिझम यांनी संपादिलेली अकरावी आवृत्ती घ्यावी. १९१०-११ साली निघालेल्या या एकोणतीस खंडांना इंग्रजी कोशवाङ्मयाचा आदर्श मानण्याची परंपरा आहे. जस्ताची नोंद तिच्या अठ्ठाविसाव्या खंडात आहे. या आवृत्तीचे लेखाधिकार केव्हाच संपले असल्यामुळे तिचा मजकूर आज कोणासही उपलब्ध आहे, आणि पुढील कित्येक संदर्भग्रंथांनी तिच्यातून मुक्तहस्ताने उचल केली आहे. म्हणजे शतक उलटले तरी तिचे गुणदोष अद्याप चलनात आहेत.

प्रथम गुणांचा विचार करू. नोंदीच्या पहिल्याच वाक्यात जस्ताचा अणुभार ६५.३७ असा दिला आहे, आणि लगेच तो ऑक्सिजनचा अणुभार १६ धरून काढला आहे हेही सांगितले आहे. ही गोष्ट दिसावयास लहान आहे, पण कोशलेखनाचे सारे इमान तीत साठविलेले आहे. आकडा आणि त्याचे माप ही एकत्रच दिली पाहिजेत. १९६१ सालापासून अणुभार कार्बन-१२ या समस्थानिकाच्या आधारे देतात आणि जस्ताचा मान्य आकडा आता ६५.३८ आहे, तरीही जुन्या नोंदीचे विधान खोटे ठरत नाही. तिने आपले माप सांगून ठेवले आहे; त्या मापाने तिची परीक्षा आजही करता येते.

दुसरा गुण मांडणीचा. जस्त स्वतंत्र धातू म्हणून ओळखले जाण्यापूर्वी शेकडो वर्षे ते पितळेत वावरत होते, या सूत्राने इतिहासाचा भाग सुरू होतो. काळ्या समुद्राकाठच्या एका जमातीचा उजळ तांब्यासारखा धातू ॲरिस्टॉटलला ऐकून ठाऊक होता. तांब्याला पिवळेपणा आणणारी माती प्लिनीला माहीत होती. ही माती तांब्याला रंग देते ती कशी, या प्रश्नावर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंकेलने आणि त्याच्यानंतर श्टालने काय विचार केला, हे लेखक थोड्या ओळींत सांगतो. माती आणि धातू यांचा संयोग होतो अशी एक कल्पना. माती हीच मुळात धातूचे भस्म असून ती आपल्यातील धातू तांब्यास देते अशी दुसरी. पहिलीकडून दुसरीकडे जाण्यास माणसाला किती काळ लागला, हे वाचकाच्या मनावर आपोआप ठसते. वस्तूच्या इतिहासाबरोबर विचाराचा इतिहास सांगणे हे उत्तम कोशलेखनाचे लक्षण होय, आणि ते येथे आहे.

तिसरा गुण प्रामाणिकपणाचा. शुद्ध जस्त वेगळे काढण्याचा मान कोणाचा, हे ज्ञात नाही, असे लेखक स्पष्ट म्हणतो. एखाद्या युरोपीय रसायनज्ञाचे नाव दडपून देणे त्याला कठीण नव्हते. तो मोह त्याने टाळला, याबद्दल त्याला धन्यवाद दिले पाहिजेत.

आता दोषांकडे वळू. त्यांपैकी काही किरकोळ आहेत. युरोप खंडावरील पहिला जस्ताचा कारखाना १८०७ साली लिएज येथे उभारला गेला असे विधान नोंदीत आहे. परंतु सिलेशियात योहान रूबेर्ग याने १७९८ सालीच जस्ताची भट्टी चालू केली होती. अशी चूक कोणत्याही कोशात राहते आणि पुढील आवृत्तीत दुरुस्त होते. तिच्यावरून नोंदीची किंमत ठरविणे अन्यायाचे होईल.

ज्या दोषाविषयी आम्हांस आग्रहाने लिहावयाचे आहे तो वेगळ्या जातीचा आहे. १५९७ साली लिबावियस या जर्मन पंडिताने हिंदुस्थानात तयार होणाऱ्या एका विलक्षण प्रकारच्या कथलाचे वर्णन केले. ते कथील म्हणजे जस्तच होते यात शंका नाही, असे नोंद सांगते. यानंतर वाचकाची स्वाभाविक अपेक्षा काय असेल? ते हिंदुस्थानात कोठे होत होते, कसे होत होते, केव्हापासून होत होते, याविषयी निदान एखादे वाक्य. त्याऐवजी लेखक शोधक अज्ञात असल्याचे नमूद करतो आणि लगेच १७३० च्या सुमाराच्या इंग्लंडात उतरतो. दार उघडले, आत दिवा दिसला, आणि लेखक उंबऱ्यावरूनच परत फिरला.

हा प्रश्न केवळ राष्ट्राभिमानाचा असता तर आम्ही तो उपस्थित केला नसता. तो जस्ताच्या स्वभावाचा प्रश्न आहे. तांबे, शिसे, कथील हे धातू भट्टीत वितळून तळाशी जमतात. एखाद्या वेळी ते योगायोगानेही हाती लागले असतील. जस्ताची गोष्ट निराळी. त्याच्या खनिजापासून कोळशाच्या साहाय्याने धातू सुटा होण्यास सुमारे हजार अंश सेल्सियस उष्णता लागते, आणि धातू स्वतः ९०७ अंशांनाच उकळतो. म्हणजे जस्त जन्मते तेच मुळी वाफेच्या रूपाने. उघड्या भट्टीत ही वाफ हवा लागताच जळून पांढरी भुकटी होते. धातू हवा असेल तर हवेला मज्जाव करून ती वाफ थंड जागी न्यावी लागते व तेथे गोठवावी लागते. हे योगायोगाने घडण्यासारखे काम नव्हे. त्यासाठी कोणी तरी विचार केला पाहिजे, मूस घडवली पाहिजे, भट्टीची रचना बदलली पाहिजे. म्हणूनच ‘हे प्रथम कोणी केले’ हा प्रश्न जस्ताच्या नोंदीत केंद्रस्थानी येतो. बेल्जियम व सिलेशिया येथील बंद मुशींच्या पद्धतींचे विस्तृत वर्णन करणाऱ्या लेखकाला या कृतीची अवघड जागा कोणती हे चांगले ठाऊक होते. पण ती जागा प्रथम ओलांडली कोणी, याची त्याला जिज्ञासा वाटली नाही.

त्या काळी माहितीच उपलब्ध नव्हती, असा बचाव कोणी करील. तो टिकत नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली निघाला, दुसरा १९०९ साली. आणि तो ग्रंथ इंग्रजीत होता. साधारणतः तेराव्या-चौदाव्या शतकातल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात रसक अथवा खर्पर नावाच्या खनिजापासून कथलासारखे चकाकणारे सत्त्व काढण्याची कृती दिली आहे, हे राय यांनी त्यात दाखवून दिले होते. खनिजात लाख, गूळ, हिरडा, टाकणखार इत्यादी द्रव्ये मिसळावी, ती मुशीत भरावी, मूस पालथी घालावी, खाली पाण्याचे भांडे ठेवावे, वरून कोळशाचा विस्तव द्यावा आणि खाली टपकणारे सत्त्व गोळा करावे, असा त्या कृतीचा मथितार्थ आहे. वनस्पतिज द्रव्ये जळून त्यांचा कोळसा होतो, तो खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो, आणि वाफ वर उडून न जाता खाली उतरते. लागणाऱ्या मुशीचे नावही ग्रंथकाराने दिले आहे: वृन्ताकमूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची, लांब नळी असलेली मूस. मूळ संस्कृत ग्रंथ तर पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथावलीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच छापला गेला होता. कोशकाराला संस्कृत येत नसेल; इंग्रजी तर येत होते!

येथे दोषाचे दोन प्रकार वेगळे करणे आम्हांस आवश्यक वाटते. एक दोष काळाचा, दुसरा लेखकाचा. समस्थानिकांची कल्पना १९१३ साली पुढे आली. जस्ताची पाच समस्थानिके निसर्गात आढळतात हे १९११ च्या नोंदीत नाही म्हणून तिला नावे ठेवणे हास्यास्पद होय. १९४० साली कीलिन आणि मान यांनी रक्तातील एका महत्त्वाच्या विकरात जस्त असल्याचे दाखविले. पुढे १९६१ पासून डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणातील खुंटलेल्या वाढीच्या तरुणांचा अभ्यास करून मानवी शरीराला जस्ताची गरज असल्याचे पुढे आणले. हेही त्या लेखकाच्या कक्षेबाहेरचे होते. हे काळाचे दोष. परंतु जे छापलेले होते, आपल्याच भाषेत होते, आणि आपण स्वतः उपस्थित केलेल्या प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध होता, ते न पाहणे हा लेखकाचा दोष. परीक्षकाने पहिल्याला क्षमा करावी, दुसऱ्याला करू नये.

राय यांनी पोथीतून दाखविले ते पुढे मातीतून वर आले. राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेस जावर येथे जस्ताच्या प्राचीन खाणी आहेत. १९८३ साली तेथे बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांच्या संशोधकांनी मिळून केलेल्या उत्खननात जस्ताच्या भट्ट्या जागच्या जागी सापडल्या. प्रत्येक भट्टीत छत्तीस मुशी पालथ्या रचलेल्या. मध्ये भोके पाडलेली भाजक्या मातीची तबकडी. वर अग्नीची खोली, खाली वाफ गोठविण्याची थंड खोली. आणि मुशींचा आकार वांग्यासारखा! वापरून टाकलेल्या मुशींचे तेथे ढीगच्या ढीग आहेत. जुन्या गावातील घरांच्या भिंतीही त्यांच्याच रचल्या आहेत. ग्रंथातील शब्द आणि भूमीतील वस्तू यांची अशी गाठ पडणे ही विद्येच्या क्षेत्रातील दुर्मिळ घटना होय. ‘हिंदुस्थानात तयार होणारे विलक्षण कथील’ या पुसट शब्दांमागे केवढा उद्योग उभा असू शकतो, हे त्यावरून कळते.

परंतु आम्ही ज्या काट्याने ब्रिटानिकेला तोलले त्याच काट्यावर आपणही बसले पाहिजे. जावरचा शोध लागल्यापासून ‘जस्ताचा शोध भारताने लावला, इंग्रजांनी तो चोरला’ अशी वाक्ये आपल्याकडे सर्रास लिहिली जातात. कोशाच्या नोंदीत असले वाक्य आले तर ते ब्रिटानिकेच्या मौनापेक्षाही वाईट ठरेल. ब्रिस्टलच्या विल्यम चँपियन याने १७३८ साली जस्त काढण्याच्या पद्धतीचा एकाधिकार मिळविला. त्याच्याही पद्धतीत वाफ खालीच उतरत असे. साम्य लक्ष वेधणारे आहे. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. जावरची कृती ब्रिस्टलला कोणत्या वाटेने पोचली हे दाखविणारा दुवा उपलब्ध नाही. शिवाय चीनला विसरून चालणार नाही. १६३७ सालच्या सुंग यिंगशिंग याच्या ‘थियेनकुंग खायवू’ या ग्रंथात जस्त काढण्याची चिनी कृती वर्णिलेली आहे, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपीय जहाजे चीनमधून जस्त भरून नेत होती. मोठ्या प्रमाणावर जस्ताचे ऊर्ध्वपातन होत असल्याचा आजवर सापडलेला सर्वांत जुना पुरावा जावरचा आहे, इतकेच विधान पुराव्याला पेलते. ते पुरेसे गौरवाचे आहे. त्यावर अलंकार चढविण्याची गरज नाही.

या विवेचनाचा मराठी कोशकारांशी संबंध आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० ते १९२७ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. त्यांच्या पहिल्या खंडाचे नावच ‘हिंदुस्थान आणि जग’ असे आहे. जगाकडे आपल्या जागेवरून पाहिले पाहिजे, हा त्या नावाचा आशय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून मराठी विश्वकोशाचे खंड निघू लागले, आणि आधुनिक विज्ञान मराठीत सांगण्याचे अवघड काम त्याने अंगावर घेतले. या दोन थोर प्रयत्नांच्या मागून येणाऱ्या लेखकासमोर दोन सोप्या वाटा नेहमीच खुल्या असतात. इंग्रजी नोंद भाषांतरित करावी, म्हणजे तिच्यातील मौनही भाषांतरित होते. किंवा अभिमानाने लिहावे, म्हणजे पुराव्याची गरज उरत नाही. खरी वाट तिसरी आहे आणि ती कष्टाची आहे: उकळबिंदूपासून आरंभ करून वृन्ताकमूषेपर्यंत यावे, ‘यशद’ आणि ‘जस्त’ या शब्दांचे नाते सांगावे आणि कोणी कोणापासून घेतला याची घाई करू नये, जस्ती बादली व जस्ती पत्रा गंजत का नाही हे शाळकरी मुलासही कळेल असे लिहावे, आणि प्रत्येक ठिकाणी पुरावा कोठे संपतो व तर्क कोठे सुरू होतो ती रेघ स्पष्ट ओढावी.

ब्रिटानिकेची ती नोंद आमच्या मते चांगल्या नोंदींत गणावी लागेल. तिचे गद्य नेटके आहे, आकडे मोजून दिलेले आहेत, रसायनाचा भाग जाणकाराने लिहिलेला आहे. ती श्रेष्ठ मात्र नाही. कारण तिने अज्ञान कबूल केले, पण ते दूर करण्यासाठी शेजारच्या फळीवरचा ग्रंथ काढून पाहिला नाही. ‘ज्ञात नाही’ हे शब्द लिहिण्याचा अधिकार शोधून थकलेल्यालाच असतो. आपल्याकडील कोशांच्या नव्या नोंदी लिहिणारांनी आणि जुन्या सुधारणारांनी हे एक पथ्य पाळले, तरी मराठी वाचकावर मोठे उपकार होतील.