विश्वनागरिकत्व आणि गावकूस

परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रू मानू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९५ सालच्या शाश्वत शांततेवरील निबंधात मांडले. हा विचार मला मोलाचा वाटतो. पण अपुराही वाटतो. जो परका नाहीच, पिढ्यान्पिढ्या त्याच गावाच्या कुसाबाहेर राहतो, त्याचे काय?

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाच्या प्रती मागितल्या. त्यांनी दुःखाचे नाते ओळखले होते. २००१ च्या डर्बन परिषदेत मात्र भारत सरकारने जातीच्या चर्चेला विरोध केला. पुढे २०२३ मध्ये सिएटल शहराला जातिभेदबंदीचा कायदा करावा लागला.

जात समुद्र ओलांडते, मग जबाबदारी का ओलांडत नाही? विश्वनागरिक म्हणवणाऱ्यांनी आधी गावकूस ओलांडावे.