मोफत युडोरा, विकतचा युडोरा

ई-मेलचा प्रोग्रॅम फुकट मिळत असताना त्यासाठी पैसे का मोजायचे, हा प्रश्न शाळेच्या संगणक-कक्षात हमखास निघतो. उत्तर देताना आम्हाला युडोराचे उदाहरण सोयीचे वाटते, कारण त्याचे सारे आयुष्य आता आपल्यासमोर आहे.

१९८८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी तो लिहिला. युडोरा वेल्टी या लेखिकेच्या एका कथेतील नायिका घर सोडून पोस्टातच राहायला जाते. टपालाच्या कामात बुडालेल्या डॉर्नरना तिची आठवण व्हावी हे ओघानेच आले. १९९१ मध्ये तो क्वालकॉम कंपनीकडे गेला आणि पुढे त्याचे दोन भाग झाले. लाइट मोफत, प्रो विकत.

आता पाहा, पत्र नेण्या-आणण्याचे काम दोन्हींत अगदी सारखे होते. पत्र पाठवण्याचे नियम (एसएमटीपी) १९८२ पासून सर्वांना खुले आहेत, पेटीतून पत्र उतरवून घेण्याचेही तसेच. पैसे मोजले म्हणून पत्र लवकर पोहोचत नाही. प्रोमध्ये मिळे ते स्पेलिंग तपासणे, अनेक खाती सांभाळणे, आलेल्या पत्रांची आपोआप वर्गवारी करणे. दिवसाला पाच पत्रे येणाऱ्याने हे विकत घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. शंभर येणाऱ्याचा मात्र रोजचा वेळ वाचे. हा व्यवहार आम्हाला सरळ वाटतो. २०००च्या सुमारास तिसरी वाट निघाली : सर्व सोयी फुकट, पण खिडकीच्या कोपऱ्यात जाहिरात. फुकटाचे पैसे दुसरा कोणी भरत असतो, हे इथे निदान डोळ्यांना दिसे.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. युडोरा जन्मला तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट असा हिशोब होता. एका बाइटमध्ये २५६ चिन्हे मावतात. इंग्रजीचे भागते, जगातल्या सर्व लिप्यांचे भागत नाही. त्यासाठी युनिकोड आले. त्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरी 'क' तीन बाइट घेतो. युडोराने हे कधी नीट आत्मसात केलेच नाही. तो तिन्ही बाइट सुटे वाचतो आणि एका 'क'च्या जागी तीन विचित्र चिन्हे उमटतात. पैसे भरलेल्यालाही मराठी पत्र वाचता येऊ नये, ही आमच्या मते साधी उणीव नव्हे. मराठीतून लिहिणाऱ्या शिक्षकाला प्रो आणि लाइट सारखेच मुके!

२००६ मध्ये क्वालकॉमने विक्रीचा युडोरा पुढे वाढवणे थांबवले. म्हणजे किंमत मोजल्याने प्रोग्रॅमचे आयुष्यही विकत मिळत नाही. तरी एका गोष्टीचे श्रेय द्यायला हवे. युडोरा पत्रे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक ठेवी आणि सोबतच्या फाइली वेगळ्या कप्प्यात. त्यामुळे १९९५ ची इंग्रजी पत्रे आजही नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात, युडोरा असो वा नसो. नवा प्रोग्रॅम निवडताना, मग तो फुकट असो की विकत, आम्ही आधी हेच विचारू : माझी पत्रे उद्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेता येतील का?

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहास संग्रहालयाने युडोराचा मूळ कोड सर्वांना खुला केला. देवनागरीची ती खोट आता ज्याला हवी त्याने भरून काढावी. प्रो विकला जात होता तेव्हा ती मुभा नव्हती.